बाकावरची वही टीव्हीवर: वर्गात मोबाईलची स्क्रीन विनावायर कशी दाखवायची

मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. सातवीपर्यंतची शाळा, आम्ही चार शिक्षक, माझ्याकडे चौथी-पाचवी एकत्र. लोकवर्गणीतून शाळेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही मिळाला तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले, आणि चोरीला जाऊ नये म्हणून गावातल्या वेल्डरने त्याला दोन दारांची लोखंडी पेटी करून दिली. पुढचं वर्षभर त्या टीव्हीवर पेनड्राईव्हमधल्या कविता वाजल्या. दुसरं काही मलाच येत नव्हतं.

मग शाळेच्या लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली. केबल दीड मीटरची. म्हणजे लॅपटॉप टीव्हीखाली आणि मी लॅपटॉपपाशी. मागच्या बाकावर कोण कोणाच्या दप्तरातली चिंच खातंय ते तिथून दिसत नाही. फळ्यापाशी उभं राहून शिकवायचं नाही असं प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायचं आणि वर्गात येऊन टीव्हीपाशी उभं राहायचं, असा तो प्रकार होता.

वायर सुटली तेव्हा मी सुटले. आता फोन हातात घेऊन बाकांमधून फिरते, आणि ज्या बाकाशी थांबेन तिथलं टीव्हीवर दिसतं. ते कसं करायचं, माझ्याकडे काय चाललं आणि काय फसलं, ते सांगते. तंत्रस्नेही वगैरे बिरुद मला नाही. रिमोट कुठे ठेवला ते अजूनही मुलांनाच विचारावं लागतं.

वाटा दोन आहेत

बहुतेकांची पहिली फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

पहिली वाट मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ मध्ये आणलेली पद्धत. ह्यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट जोडले जातात. मध्ये राउटर नको, इंटरनेट नको. फोनवर जे दिसेल ते जसंच्या तसं टीव्हीवर. जिथे रेंजसाठी देवळाच्या पारावर जाऊन उभं राहावं लागतं, अशा शाळेला हीच वाट बरी. शिवाय फोनचं वाय-फाय टीव्हीशी बोलत असताना मोबाईल डेटा चालू राहतो, त्यामुळे रेंज असेल तर त्याच फोनवर इंटरनेटही वापरता येतं.

दुसरी वाट गुगल कास्ट. ह्यात फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात. ह्या वाटेने यूट्यूबचा व्हिडिओ लावला तर फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो. व्हिडिओ टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून ओढून घेतो. म्हणून फोनची स्क्रीन बंद करून तो पर्समध्ये टाकला तरी व्हिडिओ चालूच राहतो. आणि म्हणूनच, व्हिडिओ कालच घरून फोनमध्ये उतरवून आणला असला तरी आज पुन्हा डेटा जातो. हे कळायच्या आधी माझा दिवसाचा डेटा दुपारच्या खिचडीच्या आत संपायचा आणि मी सिम कंपनीच्या नावाने बोटं मोडायची.

आपल्या टीव्हीत काय आहे ते बघायला रिमोटवरचं इनपुट किंवा सोर्सचं बटण दाबा. यादीत स्क्रीन मिररिंग, मिराकास्ट, वायरलेस डिस्प्ले असं काही दिसलं तर पहिली वाट उघडी. काही टीव्हींत ते अ‍ॅपांच्या रांगेत लपलेलं असतं. फोनवर वरून पट्टी खाली ओढा. सॅमसंगमध्ये स्मार्ट व्ह्यू, शाओमीत कास्ट, बाकीच्यांत स्क्रीन कास्ट, वायरलेस प्रोजेक्शन अशी ज्याची त्याची नावं. गुगलने २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून स्वतःच्या बाजूने मिराकास्ट काढून टाकलं. आता ते घालायचं की नाही हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे शेजारच्या वर्गावरच्या सरांच्या फोनमधून होतं आणि आपल्या महागड्या फोनमधून होत नाही, असं झालं तर आपलं काही चुकलं असं समजू नका. आयफोनला मिराकास्ट चालतच नाही. त्याचं एअरप्ले वेगळं, आणि ते टीव्हीतही असावं लागतं.

टीव्ही जुना असेल तर डोंगल मिळतो. बोटभर लांबीची डबी, एक टोक टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये, दुसरी वायर विजेसाठी यूएसबीत. ही यूएसबी टीव्हीच्याच मागे खुपसायचा मोह होतो. तसं करू नका. टीव्हीचा साधा यूएसबी पोर्ट बऱ्याचदा अर्धा अँपिअरच करंट देतो. तेवढ्यावर डोंगल सुरू होतो, दहा मिनिटं चालतो आणि ऐन व्हिडिओत बंद पडून पुन्हा सुरू होतो. मोबाईलचा जुना चार्जर असतोच घरात, तो लावा.

प्रोजेक्टरवालेही डोंगल लावू शकतात. पण प्रोजेक्टरला एचडीएमआय नसून फक्त व्हीजीए ही जुनी जोडणी असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागेल, आणि व्हीजीएच्या वायरीतून आवाज जात नाही हे आधीच लक्षात ठेवून स्पीकरची सोय करा.

जोडणी

करायचं थोडंच आहे. टीव्हीवर स्क्रीन मिररिंग उघडा, फोनवर कास्ट दाबा, यादीत टीव्हीचं नाव येईल, त्यावर बोट ठेवा. टीव्ही परवानगी मागेल किंवा आकडे दाखवेल, ते द्या. वाय-फाय कुठल्याही जाळ्याला जोडलेलं नसलं तरी चालतं, पण चालू हवं. पुष्कळ जण डेटावर असतात म्हणून वाय-फाय बंद ठेवतात आणि टीव्ही सापडत नाही म्हणतात.

गुगल कास्टने करायचं तर एक युक्ती. हॉटस्पॉट मुख्याध्यापकांच्या फोनवरून घ्या, आणि तुमचा फोन व टीव्ही दोन्ही त्यावर जोडा. ज्या फोनचा हॉटस्पॉट त्याच फोनवरून कास्ट करायला गेलं की कधी टीव्ही दिसतो, कधी दिसत नाही. आमचे मुख्याध्यापक डेटाच्या बाबतीत हात जरा आखडता घेतात. त्यामुळे मी बहुतेक वेळा मिराकास्टच वापरते.

लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजची खूण असलेलं बटण दाबून धरायचं आणि के दाबायचं; उजवीकडे टीव्हींची यादी येते. त्यानंतर त्याच बटणाबरोबर पी दाबलं की विचारतं: दोन्हीकडे सारखंच हवं की टीव्ही वेगळा पडदा म्हणून हवा. वेगळा पडदा निवडलात तर टीव्हीवर मुलांसाठी चित्र आणि लॅपटॉपवर तुमचं टाचण, असं ठेवता येतं. तिथे टीव्हीवर चुकून हजेरीपत्रक उघडलं जात नाही.

फोन आडवा धरा आणि ऑटो-रोटेट चालू ठेवा. आमचा ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५३ उंच आहे. फोन उभा धरला की त्यातली जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी वापरली जाते, दोन्ही बाजूंना काळं. आडवा धरताच टीव्ही भरून जातो. अक्षर पुरेसं मोठं आहे का ते ठरवायला मी सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसते. मला वाचता आलं तर ठीक. माझा चष्मा आहे, त्यामुळे ही परीक्षा कडक असते.

आणि हे सगळं आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर एकदा करून बघा. परिपाठानंतर पन्नास डोळ्यांसमोर पहिल्यांदा लावायला गेलात की टीव्ही हमखास सॉफ्टवेअर अपडेट मागतो.

अडकतं तेव्हा

पहिले आठ दिवस माझं चित्र सारखं थिजायचं. आवाज पुढे जायचा, चित्र मागे राहायचं, मग तुटायचं. शिक्षण परिषदेत विचारलं तर एकाने सांगितलं फोन बदला, दुसऱ्याने सांगितलं टीव्हीच बोगस आहे. मी फोन बंद-चालू करून दमले. शेवटी चौथीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, पेटीचं दार पूर्ण उघडलं की नीट चालतंय की."

बघितलं तर खरंच. पेटीचं डावं दार पुस्तकांच्या कपाटाला अडायचं म्हणून आम्ही ते अर्धंच उघडत होतो. लोखंडी पत्रा वाय-फायच्या लहरी अडवतो. आमची पेटी मागून, बाजूंनी, वरून पत्र्याचीच; लहरी आत जायच्या त्या फक्त समोरून, आणि त्यातलंही अर्धं दार बंद. वेल्डरला बोलावून मागचा पत्रा कापला आणि तिथे दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. कपाट हातभर सरकवलं. तेव्हापासून चित्र तुटत नाही. कुलूप मात्र रोज लागतं.

फोनमध्ये आणि टीव्हीत ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय असेल तर चित्र सरसर जातं, पण त्याची झेप कमी, भिंतीपलीकडे ते लवकर मंदावतं. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, पण त्यावर गर्दी फार. एकाच खोलीत असाल तर ५ चांगलं.

नीट चालू असतानाही टीव्ही फोनच्या किंचित मागे असतो. तुम्ही फोनवर बोटाने गोल काढला की क्षणभराने टीव्हीवर उमटतो. त्यामुळे मिराकास्टवर टाळ्यांच्या तालाचं गाणं घ्यायचं तर ताल टीव्हीकडे बघून धरा, फोनकडे बघून नाही. ओटीटीवरचा सिनेमा लावला आणि टीव्ही काळा पडला तर ते बिघडलेलं नाही. कॉपी होऊ नये म्हणून त्या अ‍ॅपनेच पडदा झाकलेला असतो. बँकेची बरीच अ‍ॅपंही तशीच काळी दिसतात, आणि ते बरंच आहे.

दाखवायचं काय

सगळ्यांना आधी व्हिडिओ सुचतो. मलाही सुचला. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केले की त्या पाठाचं साहित्य उघडतं. कोड फाटला असेल तर खालची सहा अक्षरं टाइप करायची. दीक्षातलं बरंचसं घरी उतरवून आणता येतं, मग वर्गात रेंज नसली तरी मिराकास्टने चालतं. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची प्रात्यक्षिकं आहेत, त्यांतली पुष्कळ मराठीत आहेत. अपूर्णांक शिकवताना मुलं टीव्हीवर बघत सांगतात, मी फोनवर भाग सरकवते. चांगलं आहे सगळं. पण व्हिडिओ लागला की वर्ग शांत होतो, आणि त्या शांततेचा मला जरा संशय येतो.

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चालतं ते फोनचं कॅमेरा अ‍ॅप. फोटो काढायचा नाही. कास्ट चालू ठेवून नुसता कॅमेरा उघडायचा आणि वहीवर धरायचा. वही टीव्हीवर.

भागाकाराचा तास होता. ६१८ भागिले ६. फिरता फिरता दिसलं की निम्म्या वर्गाचं उत्तर १३ आलंय. पूर्वी मी फळ्यावर गेले असते आणि "शून्य कोण विसरलं?" म्हणून स्वतःच सोडवून दाखवलं असतं. त्या दिवशी एका मुलीला विचारलं, "तुझी वही दाखवू का गं सगळ्यांना?" तिने मान हलवली. नावाच्या जागी अंगठा ठेवून मी फोन धरला. टीव्हीवर तिचं अक्षर, ६ चा भाग ६ ला एकदा, खाली १ उतरवलेला, लगेच शेजारी ८ उतरवलेला, १८ ला तीनदा, बाकी शून्य. नीटनेटकं गणित. चूक कुठेच दिसत नव्हती, हीच तर गंमत.

मी विचारलं, "तेरा सक किती?" पाढ्यात पक्की पोरं एकदम ओरडली, "अठ्ठ्याहत्तर!" मग वर्ग गप्प. टीव्हीवर वर ६१८ दिसत होते. खिडकीपाशी बसणारी एक जण, जी एरवी बोलत नाही, ती म्हणाली, "बाई, सहाशे अठरा रुपये सहा जणींत वाटले आणि एकीला तेराच आले, तर बाकीचे कुणी खाल्ले?"

हसण्याचा गलका झाला, पण प्रश्न बरोबर होता. ६०० सहा जणींत वाटले तर एकीला १००. म्हणजे उत्तर शंभराच्या वरचं असायला हवं. जिची वही होती तिने माझ्या हातातला फोन तसाच राहू दिला आणि खाली पेन्सिल चालवायला लागली. टीव्हीवर सगळ्यांना तिची बोटं दिसत होती. १ उतरवला, ६ चा भाग १ ला जात नाही, म्हणून वर शून्य. मग ८ उतरवला. १०३. तिने १३ खोडरबराने खोडलं नाही, शेजारी नवीन मांडलं, कारण खोडलं असतं तर फरक दिसला नसता. हे मी सांगितलं नव्हतं.

ह्यासाठी दोन-तीन गोष्टी पाळा. ज्याची वही त्याला आधी विचारा, आणि नाही म्हणाला तर पुढच्या बाकावर जा. नाव झाका. चुकलेली वही दाखवाल त्या आठवड्यात त्याच मुलाची चांगली वहीही दाखवा. आणि हात हलतो म्हणून कोपर बाकावर टेकवून फोन धरा.

जास्त वेळ दाखवायचं असेल तर पुस्तकांची हात-दीड हात उंच चळत करायची, वर फोन आडवा ठेवायचा, कॅमेऱ्याचं टोक बाहेर काढून, आणि मागच्या टोकावर शब्दकोशाचं वजन. वही खाली. पण फोन असा सपाट ठेवला की त्याला उभं-आडवं कळत नाही आणि टीव्हीवर वही उलटी होते. फोन चळतीवर ठेवण्याआधी हातात आडवा धरून रोटेशन लॉक करा. कॅमेरा दोन-एक मिनिटं हात न लावता राहिला की काही फोनांत आपोआप बंद होतो, तेव्हा मधूनमधून स्क्रीनला बोट लावायचं. हे काम मी मुलांना पाळीने देते. त्याला आमच्याकडे "बोटकरी" म्हणतात.

वहीशिवायही पुष्कळ काही येतं. जास्वंदीचं फूल उभं चिरून कॅमेऱ्याखाली ठेवलं तर परागकोशांवरचे पिवळे कण मागच्या बाकापर्यंत दिसतात. मुंगळ्याचे पाय मोजले. पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा दाखवल्या, ज्या चौथीतल्या निम्म्या मुलांना तोवर नुसती नक्षी वाटत होती. उजेड महत्त्वाचा. खिडकीपाशी ठेवा, पण तुमचीच सावली पडणार नाही अशा बाजूने.

फोन आपला आहे, टीव्ही सगळ्यांचा

आमच्या शाळेवर भेट होती. साहेब मागच्या बाकावर बसून पाठ बघत होते, मी रुबाबात फोनवरून नकाशा दाखवत होते. तेवढ्यात टीव्हीच्या वरच्या कडेने तालुक्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवरचा मेसेज सरकत खाली आला: "आज साहेब कुठल्या शाळेवर आहेत? कळवा लवकर." वर्गाने मोठ्याने वाचला. वाचनाचा सराव चांगला आहे आमच्याकडे. साहेब म्हणाले, "कळवा, मॅडम."

तेव्हापासून कास्ट दाबण्याआधी "व्यत्यय आणू नका" हे चालू करते, आणि त्यात मेसेज दिसणंही बंद होतंय ना ते सेटिंगमध्ये जाऊन एकदा तपासलं आहे, कारण काही फोनांत नुसता आवाज बंद होतो आणि पट्टी येतच राहते. गॅलरी मुलांसमोर उघडत नाही. दाखवायचे फोटो आदल्या दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवते. शाळेला जुना फोन मिळवता आला, सिमशिवायचा, तर सगळ्यात उत्तम. मिराकास्टला सिम लागतच नाही.

केबल मात्र टाकून देऊ नका. ती पेटीतच असू द्या, लॅपटॉपसाठी. आणि लाईट गेली तर खडू आहेच. पाठाचं टाचण दोन्हींसाठी करून ठेवते.

शेवटचं काम म्हणजे तास संपल्यावर फोनवरून डिस्कनेक्ट करणं. नुसती स्क्रीन बंद केली की झालं असं नाही. एकदा मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, भिंतीपलीकडे माझाच वर्ग. भाचीच्या लग्नासाठी फोनवर साड्या बघत होते, एक मोरपंखी, एक आमसुली, पुन्हा मोरपंखी. आत नेहमीपेक्षा शांतता होती, मला वाटलं जेवतायत. मग खिडकीच्या गजांतून एक तोंड बाहेर आलं.

"बाई, आमसुली नको. सगळ्यांचं मत मोरपंखीला आहे."